पान दोनशे बारा

माझे सासरे श्यामराव रोज संध्याकाळी सात वाजता घराचा रोजनामा लिहितात. ही थट्टा नाही. चौतीस वर्षं ते रायपूरच्या जिल्हा कोर्टात रीडर होते. आज कोण हजर, कोण गैरहजर, काय झालं, पुढची तारीख कोणती, हे न्यायाधीशाच्या समोर बसून लिहिणारा माणूस म्हणजे रीडर. रिटायर झाले आणि तिसऱ्याच दिवशी मालवीय रोडवरून जाड बांधणीचं रजिस्टर घेऊन आले. पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल शाईनं पानांना नंबर घातले आणि डायनिंग टेबलाच्या टोकाला आपलं कोर्ट मांडलं.

लग्न होऊन आले तेव्हापासून ते वाचून मला हसू आवरायचं नाही. 'सून गैरहजर, कारण शिफ्ट.' 'वरण खारट. सुनेनं आरोप नाकारला.' 'नात यामिनी हिनं दूध सांडल्याचं कबूल केलं, समज देऊन सोडलं.' चूक झाली तर एक आडवी रेघ आणि बाजूला सही. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर बापजन्मात नाही. कोर्टातले त्यांचे जुने सोबती घरी आले की आधी रजिस्टर मागायचे आणि पोट धरून हसायचे. अर्ध्या कचेरीला आमच्या घरातल्या वरणाची चव ठाऊक होती.

मी सिलतऱ्याला एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. कोणी बंद जागेत उतरणार असेल तर आधी मी तिथं जायचं, मीटरनं आतला वायू मोजायचा, आकडा परमिटवर लिहायचा आणि मग सही करायची, असं पुस्तकात लिहिलंय. प्रत्यक्षात मी एक, मीटर एक आणि कारखाना चालून चालून पाय मोडतील एवढा. माझ्या आधीच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला युक्ती शिकवली होती. सकाळी आठला पाच कोऱ्या परमिटांवर सह्या करायच्या आणि शिफ्ट इन्चार्जच्या टेबलावर ठेवून द्यायच्या. बाकीचं तो भरतो. तीन वर्षं मी तेच केलं. तीन वर्षं काही झालं नाही, म्हणून ते बरोबरच आहे असं मला वाटायला लागलं होतं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता गोदू भट्टीमागच्या डस्ट चेंबरमध्ये उतरला. बीरगांवचा, चाळिशीचा, ठेकेदाराकडचा माणूस. चेंबर साफ करणं हेच त्याचं काम. वीस मिनिटांनी त्याला दोरीनं वर ओढला तेव्हा तो गेलेला होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तो आहे की नाही हे सांगणारं मीटर माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, कुलपात, आणि किल्ली माझ्या गळ्यात.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन खुर्चीत पडले आणि बाबांसमोर सगळं ओकून टाकलं. कोरी परमिटं, आठ वाजता, पाच सह्या, मीटर ड्रॉवरमध्ये. मी रडत होते आणि ते लिहीत होते. मला राग आला. म्हटलं, माणूस मेलाय आणि ह्यांना हजेरी सुचतेय. पण सात वाजले होते आणि बाबांचं कोर्ट सुरू झालं होतं.

ते पान दोनशे बारा.

गुरुवारी सकाळी मला मीटिंगला बोलावलं. प्लांटचे मुख्य अनिमेष साहेब, शिफ्ट इन्चार्ज ऋषिकेश, एचआरचा यशदीप आणि मी. टेबलावर चहा, बिस्किटं आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक परमिट. खाली माझी सही होती, खरीखुरी. वरचं सगळं आता भरलेलं होतं. वेळ नऊ पन्नास. वायू शून्य. शेवटी एक ओळ, 'सूचना देऊनही कामगाराने मास्क काढला.' त्याखाली गोदूची सही, एका दमात केलेली, झोकदार. गोदूला मी स्वतः ट्रेनिंगच्या रजिस्टरवर सही करायला लावायचे. तो जीभ बाहेर काढून एकेक अक्षर कोरायचा, आणि मागचे लोक खोळंबून ओरडायचे.

"देवयानी जी, चाय लीजिए," अनिमेष साहेब म्हणाले. मी घेतला. का घेतला, देव जाणे.

"किसी को झूठ नहीं बोलना है," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "बस सबकी बात एक जैसी रहे. सोमवार को पुलिस बयान लेगी. उससे पहले आपका बयान टाइप हो जाएगा, शनिवार को साइन कर दीजिएगा."

खोट्याचं नाव कोणी काढलं नाही. कागद कोणी भरला हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. माझी मान हलली की नाही, ते आज मला शपथेवर सांगता येणार नाही. हलली असावी. एवढ्या जणांत एकटी मान ताठ ठेवायची हिंमत माझ्यात नव्हती.

बाहेर जिन्यात ऋषिकेशनं मला गाठलं. तो आमच्यातलाच, आजोबा अकोल्याचे, पण मराठी समजलं तरी बोलतो हिंदीच. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"दीदी, सिग्नेचर तो आपका ओरिजिनल है न," तो हळूच म्हणाला. "आप बोलोगे तो अकेले आप फँसोगे. नहीं बोलोगे तो कोई नहीं फँसेगा."

मी त्याला मराठीत विचारलं, "आकडा तू लिहिलास ना?"

"शनिवार को दस बजे गाड़ी भेज रहा हूँ," तो म्हणाला आणि खाली उतरून गेला.

मी घरी आले. सात वाजायला पाच मिनिटं होती. बाबा पेनात शाई भरत होते. मी कणीक मळता मळता सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, कट म्हणजे नेमकं काय हो, कायद्यात?"

"काहून?"

"एका मैत्रिणीचं आहे."

"मैत्रीण सिलतऱ्याले असते का?" त्यांनी पेन पुसलं आणि खाली ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा सात वाजून गेले आणि बाबांनी रजिस्टर उघडलं नाही. मी मीटिंग, चहा, ते भरलेलं परमिट आणि शनिवारची सही, सगळं सांगून टाकलं. "बस इथं. आदी एकशेवीस-ब म्हणायचे, आता नव्या संहितेत एकसष्ट. नंबर बदलला, गोष्ट तेच. दोघं पाहिजेत, कमीत कमी. एकट्यानं मनात काही बी ठरवलं तर त्याले कट म्हणत नाहीत. आन् त्या दोघाईचं जमलं पाहिजे."

"जमलं म्हणजे? लिहून द्यावं लागतं?"

"चौतीस वर्षांत म्या एक कट लिहिलेला पाहिला नाही. कोन लिहून देते? मान हलवली, पुरे. गप बसून सोबत चालला, जज त्यातूनही कट काढते."

"आणि अजून काही केलंच नसेल तर? नुसतं ठरलं असेल?"

"गुन्हा करायचं ठरलं, की ठरनं हाच गुन्हा. हातानं काही करायची वाट पाहात नाहीत." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "खोटा पुरावा बनवनं गुन्हाच हाये, देवयानी. मोठा हाये."

मी कणीक मळतच राहिले. ती केव्हाच मळून झाली होती.

"मंगळवारी सकाळी तू सह्या केल्या," बाबा म्हणाले, "तेव्हा तुले गोदूले मारायचं होतं काय? नाही. इरादा नव्हता. हलगर्जी होती. त्याची सजा पाच वर्षांपावतो हाये, मी तुले खोटं सांगून नाही राहिलो. पन तिथं तू एक चुकलेली बाई होती. शनिवारी सही करशीन, तर कळून-सवरून करशीन. तिथून तू त्याईच्यातली."

पाच वर्षं. यामिनी सहा वर्षांची आहे. मी मनात बेरीज केली. ती पाचवीत असेल. तिच्या डोक्याला तेल कोण लावेल, असला काहीतरी भलताच विचार आला. मला धीर हवा होता आणि ह्या माणसानं मला कलम दिलं, म्हणून मी त्यांच्यावर चिडले. "बाबा, तुम्ही माझे सासरे आहात की सरकारी वकील?" असं मी म्हटलं. ते उठून आत गेले. रोजनामा त्या दिवशी सव्वाआठला लिहिला गेला आणि त्यात फक्त एवढंच होतं, 'सून हजर. विचारणा केली. उत्तर दिले.'

शुक्रवारी आमच्या तेलीबांध्याच्या बिल्डिंगखाली एक पांढरी बोलेरो उभी होती. वॉचमन म्हणाला, "आपकी कंपनी की ही है, दीदी, सुबह से खड़ी है." कोणी उतरलं नाही, कोणी वर आलं नाही. मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले आणि ओले कपडे तसेच घेऊन आत आले. ऋषिकेशचे अकरा फोन आले. मी एकही घेतला नाही. यामिनीला शाळेतून आणायला मी शेजारच्या काकूंना पाठवलं. मुलीचा हात धरून त्या गाडीसमोरून जायचं धाडस मला झालं नाही.

संध्याकाळी माझा नवरा सचिन रेल्वेच्या ऑफिसातून आला. त्याला मी तेव्हा सगळं सांगितलं. तो बसलेला होता, उभा राहिला. पुन्हा बसला. मग त्याची नजर टेबलाच्या टोकाकडे गेली.

"बाबा," तो म्हणाला, "मंगळवारचं लिवलं काय तुमी?"

"लिवलं."

"सगळं?"

"ती जे बोलली ते."

"तुमचं रजिस्टर साऱ्या कोर्टाले मालूम हाये, बाबा! उद्या कोनी वकील म्हनंन, आणा ते रजिस्टर. मंग?" त्याचा आवाज फाटला. "इकून बोलली तरी हेच फसते, तिकून नाही बोलली तरी तुमचं पान हिले फसवते. फाडा ते पान. आपन तिघं हाओत, कोनाले सांगाचं हाये?"

आतून यामिनीच्या कार्टूनचा आवाज येत होता. मला वाटलं, हो म्हणा बाबा, फाडा. मी हे कबूल करते. त्या क्षणी मला गोदू आठवला नाही, कायदा आठवला नाही. ते पान घरात आहे एवढंच कळत होतं आणि ते घरात नको होतं.

बाबांनी दोन्ही हात रजिस्टरवर ठेवले.

"तिघं," ते म्हणाले. "मोजून राहिला ना तू? टेबल, चहा, तिघं जनं, आन् एक कागद नाहीसा कराचा. सचिन, हे बोलनं मी आयकलं नाही. तू बोललाच नाही. उठा. दोघंही उठा इथून."

"बाबा, ते तिले घेऊन जातीन!"

"उठ म्हनलं ना मी!"

मी आयुष्यात त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. आम्ही उठलो. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅसची शेगडी पुसत बसले. ती स्वच्छच होती. सचिन गॅलरीचा पडदा थोडासा बाजूला करून खाली बघत होता आणि दर मिनिटाला म्हणत होता, "हाये. अजून हाये."

शनिवारी सकाळी साडेनऊला मी तयार झाले. दहाला गाडी येणार होती. काय करणार होते मी? खरं सांगायचं तर सही करणार होते. मी ठरवलं होतं. पाच वर्षं आणि यामिनी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक मेलेला माणूस, ज्याला आता कशाचाच फरक पडणार नव्हता. असंच मी स्वतःला समजावलं होतं. गोदूची बायको सरला बीरगांवात दारात बसून लोकांना सांगत असेल की माझा माणूस असा मास्क काढणारा नव्हता, आणि लोक म्हणत असतील की कागदावर तर तसं लिहिलंय. हे डोळ्यांपुढे आलं की मी दुसरीकडे बघत होते.

रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. बाबा कधी उघडं ठेवत नाहीत. मी बंद करायला गेले आणि लाल आकडे दिसले. दोनशे दहा. दोनशे तेरा. मध्ये, दोनशे अकरा-बारा असं पाठपोट पान होतं तिथं, बांधणीला चिकटलेली कागदाची बारीक, वेडीवाकडी पट्टी.

पहिल्यांदा मला आनंद झाला. तोही कबूल करते. सुटले, असं वाटलं.

बाबा गॅलरीत पाठमोरे बसले होते. त्यांच्या शेजारी चहाचा कप तसाच भरलेला, वर साय धरलेली.

"बाबा, पान?"

"म्या फाडलं. जाळलं." ते वळले नाहीत. "सचिनच्या म्हनन्यानं नाही, तुह्या म्हनन्यानं नाही. कोनाले इचारलं नाही. एकट्याचा कट होत नाही, देवयानी. आता तू मले काही बोलू नको. बरं केलं म्हनू नको, हव म्हनू नको, मान बी हलवू नको. जा, गाडी येईन."

मी पुढे होऊन त्यांचा चेहरा बघितला. रात्रभर झोपले नव्हते. उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवला होता. चौतीस वर्षं सरकारची आणि नऊ वर्षं घरची, एका रेघेची खाडाखोड न केलेला हा माणूस. त्याला आता पोलीस नाही, कोर्ट नाही, स्वतःच्याच हाताची भीती वाटत होती. आणि मला वाचवताना शेवटपर्यंत त्याला एकच काळजी होती, की ह्या गुन्ह्यात तो एकटाच राहावा.

मला रडू आलं नाही. मला स्वतःचा संताप आला. सकाळी आठला पाच सह्या करून मी निवांत चहा प्यायला गेले होते, आणि त्याचं फळ म्हणून एक माणूस चेंबरमध्ये मेला आणि एक गॅलरीत असा बसला होता. ऋषिकेश म्हणाला होता, नाही बोललीस तर कोणीच अडकणार नाही. बघ म्हणावं इथं येऊन.

मी रजिस्टर उचललं, गॅलरीतल्या छोट्या टेबलावर ठेवलं आणि कोरं पान काढलं. दोनशे सोळा.

"लिहा, बाबा."

"काय?"

"तारीख आजचीच टाका. मागची नको. लिहा, सून हजर. मंगळवारी सकाळी आठ वाजता तिनं पाच कोऱ्या परमिटांवर सह्या केल्या. वायू मोजला नाही. मीटर दिवसभर तिच्या ड्रॉवरमध्ये कुलपात होतं. गुरुवारी तिला दाखवलेल्या परमिटवर तिच्या सहीच्या वरचं काहीही तिनं लिहिलेलं नाही. गोदूनं मास्क काढला हे तिला माहीत नाही. टाइप केलेल्या बयानावर ती सही करणार नाही. ह्याची नक्कल घेऊन ती आत्ता पोलीस ठाण्यात जाणार आहे."

"पोरी, पाच वर्षं..."

"लिहा."

सचिन दारात येऊन उभा राहिला होता. बाबांनी पेन घेतलं. अक्षर कधी नव्हे ते वर-खाली गेलं, पण त्यांनी एकेक शब्द लिहिला. मग त्यांनी खाली आणखी लिहायला सुरुवात केली, 'पान २११ व २१२ मी, श्यामराव...'

"बाबा, ते नका लिहू," मी पटकन म्हणाले. "ते राहू द्या. कोणाला कळणार आहे?"

त्यांनी मान वर केली आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"झालो ना दोघं?" ते म्हणाले.

खाली गाडीचा दरवाजा वाजला. सचिननं पडदा सारून बघितलं. "ऋषिकेश हाये. सोबत आखीन दोघं हायेत. वर येऊन राहिले." त्यानं जाऊन दाराला आतून कडी लावली आणि यामिनीला उचलून आतल्या खोलीत नेलं.

बाबांनी पेन धरायचा पुन्हा प्रयत्न केला. बोटं ऐकत नव्हती. 'श्यामराव' ह्या शब्दापुढे शाईचा एक ठिपका पडला आणि पसरला. त्यांनी घाईघाईनं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"हात चालून नाही राहिला," ते म्हणाले. "तू खाली सही करून दे आन् मागच्या जिन्यानं निंग. माह्यी ओळ मी मागून भरतो."

दारावरची बेल वाजली. आत यामिनीनं काहीतरी विचारलं आणि सचिननं तिला गप्प केलं. बेल पुन्हा वाजली, या वेळी लांब. ऋषिकेशचा आवाज आला, "दीदी? दस बज गए."

बाबांनी पेन माझ्यापुढे धरलं होतं. माझ्या सहीसाठी खाली जागा मोकळी होती, आणि तिच्या वर दोन ओळी कोऱ्या.

मी पेन घेतलं, त्यांच्या बोटांत पुन्हा बसवलं आणि माझा हात त्यांच्या हाताखाली धरला.

"आधी लिहा, बाबा," मी म्हणाले. "मग सही करते."